कोऱ्या संगणकाला वाचा

संगणकाला ‘फॉरमॅट मारणं’ म्हणजे गल्लीतल्या दुकानदाराच्या हातचा मळ. पडद्यावर येईल त्या प्रश्नाला ‘नेक्स्ट’ म्हणत तो एकीकडे गिऱ्हाइकाशी गप्पाही मारतो. अंध वापरकर्त्याचं घोडं मात्र इथेच अडतं. त्याचा सगळा कारभार स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतो. तो प्रोग्रॅम चालायला आधी विंडोज हवं, आणि विंडोज तर अजून बसायचंय.

अशा वापरकर्त्यांना सगळ्यात धास्ती वाटते ती डिस्कचे भाग दाखवणाऱ्या पडद्याची. एक ओळ चुकली, की वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब पुसले जातात. म्हणून बरेच जण सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून पेन ड्राइव्हवर ठेवत. इन्स्टॉलेशन मुक्यानंच चाले आणि माणूस डिस्कच्या घरघरीवरून अंदाज बांधत बसे. बाकीचे शेजारच्या कुणा डोळस मुलाला हाक मारत.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या दोन अंध मित्रांनी या कोड्याचा निदान एक पदर सोडवला. मायकेल करन आणि जेम्स टेह लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटले होते. बाजारातले स्क्रीन रीडर तेव्हा इतके महाग होते, की काही वेळा खुद्द संगणक स्वस्त पडे. करनने एप्रिल 2006 मध्ये स्वतःच एक लिहायला घेतला, पुढे टेहही सोबतीला आला आणि 2007 मध्ये दोघांनी ‘एनव्ही ॲक्सेस’ ही ना-नफा संस्था काढली. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव एनव्हीडीए. तो मोफत आहे आणि त्याचा कोडही सर्वांना खुला आहे.

त्याची खरी गंमत इन्स्टॉलरमध्ये आहे. फाइल उघडली, की आधी एक छोटी धून वाजते. मग एनव्हीडीएची तात्पुरती प्रत जागी होते आणि स्वतःचंच इन्स्टॉलेशन स्वतः वाचून दाखवते. अशी प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवता येते. मग सायबर कॅफेतला संगणक असो की मित्राचा, खिशातला आवाज सोबत असतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या, मजकुराचा आवाज करणाऱ्या ‘ईस्पीक’ला मराठीही येतं. उच्चार यांत्रिक असतात, पण कान सरावतात.

एनव्हीडीए विंडोज बसल्यानंतरचं सांभाळतो. त्याआधीचं काय?

यात इतर प्रणाली विंडोजच्या पुढे होत्या. ॲपलने मॅकच्या 2005 मधल्या ‘टायगर’ आवृत्तीपासून व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर प्रणालीतच बसवला. लिनक्सच्या डेबियनने 2011 च्या सहाव्या आवृत्तीत इन्स्टॉलरलाच वाचा दिली. सुरुवातीचा मेनू तयार झाला, की ‘बीप’ वाजतो. मग ‘एस’ आणि एंटर दाबायचं, की पुढचे प्रश्न ऐकू येतात. विंडोजचा इन्स्टॉलर ज्या छोट्या प्रणालीतून चालतो, तिच्यात मात्र आवाजाची सोयच नव्हती. ती आली 2017 च्या शेवटी, विंडोज 10 च्या 1709 या आवृत्तीत. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबले, की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलू लागतो. अर्थात, संगणकातलं साउंड कार्ड त्या प्रणालीला ओळखता आलं तरच. नाहीतर पुन्हा शुकशुकाट.

आणि या सगळ्याच्याही आधी उभा असतो बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, तर बहुतेकदा त्याच्याच मेनूत शिरावं लागतं. तिथे नॅरेटर नाही, एनव्हीडीए नाही, साधा बीपही क्वचितच. एका कंपनीच्या लॅपटॉपवर एफ-12, दुसऱ्यावर एफ-9, तिसऱ्यावर एस्केप. पेन ड्राइव्ह कितव्या ओळीवर आहे, हे अनुभवी अंध वापरकर्ता एकदा कुणाला तरी विचारून ठेवतो आणि खालचा बाण तितक्याच वेळा मोजून दाबतो. नवा लॅपटॉप घेतला, की मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर रोखून दूरच्या डोळस मित्राला व्हिडिओ कॉल लावतो: ‘निळी पट्टी कुठल्या ओळीवर आहे, तेवढं सांग.’