डांगरावरचे लाड

मिलीबग खाणारा भुंगेरा वाढवायचा, तर आधी मिलीबगच वाढवावा लागतो. बागायतदारांना हे सांगितलं की ते हसतात. निफाड-दिंडोरीकडं ज्या किडीपायी द्राक्षाचे घड चिकट होऊन काळे पडतात, तिचेच आम्ही लाल डांगरावर लाड पुरवतो.

डांगर खोल रेघांचं आणि देठासकट हवं. गुळगुळीत सालीवर मिलीबग नीट बसत नाही, आणि देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतं. पुसून बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवायचं, सावलीत सुकवायचं, खरचटलेल्या जागी वितळलेलं मेण लावायचं. मग जुनं, पांढरं झालेलं डांगर खेटून ठेवलं की पिल्लं आपणहून नव्यावर चढतात. डांगर पिठाळलं की क्रिप्टोलीमस, म्हणजे मिलीबग खाणारे ते भुंगेरे, सोडायचे. भुंगेऱ्याची मादी मिलीबगच्या अंड्यांच्या कापसातच अंडी घालते. साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार.

मिलीबगची खोली वेगळी, भुंगेऱ्यांची वेगळी. सकाळी आधी मिलीबगच्या खोलीत जायचं, नंतर दुसरीकडं. उलट फिरलात आणि कपड्यावर बसून एखादी मादी आत गेली, की बियाणंच फस्त.

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली तो भारतात आणला कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्यानं फारसं केलं नाही, मिलीबगवर मात्र टिकला. पुढं त्याच ऑस्ट्रेलियाला बाहेरून शेणकिडे आणावे लागले. तिथले किडे कांगारूच्या लेंड्यांना सरावलेले. गाईंचे पो तसेच वाळत पडायचे आणि माश्या माजायच्या. जॉर्ज बोर्नेमिसा यांनी हे काम उभं केलं आणि 1968 पासून किडे सोडायला सुरुवात झाली. आफ्रिकेतल्या किड्यांची अंडी फॉर्मेलिननं धुऊन आणायची आणि हातानं वळलेल्या शेणगोळ्यांत ठेवायची, म्हणजे अंगावरचे कोळी किंवा गुरांचं लाळ-खुरकूत सोबत येत नाही. एवढी शिस्त आमच्या धंद्यात क्वचित दिसते. आमची अंडी कापसात गुंतलेली, ती धुणार कशी? म्हणून आम्ही डांगर धुतो.

बागेत हेक्टरी 5000 भुंगेरे सोडायची शिफारस असते. त्याआधी मुंगळ्यांचा बंदोबस्त हवाच; गोड चिकट्यासाठी ते मिलीबगची राखण करतात. सोडल्यावर कडक कीटकनाशक नको. पण खरा घात अळीच्या रूपामुळं होतो. भुंगेऱ्याची अळीही पांढरी, मेणचट, झिपरी. मिलीबग समजून लोक तिच्यावरच पंप चालवतात. ओलांड्यावर असं काही दिसलं, तर आधी काडीनं डिवचून बघा. झिपऱ्या लांब असतील आणि ती झरझर चालायला लागली, तर पंप खाली ठेवा.