चाकांवरचे बिऱ्हाड

मे महिन्यात नागपूरच्या माणसाला ‘सुटीत कुठे?’ असे विचारले, तर तो महाबळेश्वर म्हणतो. खिसा हलका असला तर चिखलदरा म्हणतो. ‘भंडारा-गोंदिया’ असे उत्तर दिले, तर विचारणारा चटकन म्हणतो, ‘अरे वा, लग्न कोणाचे?’ गेली तीन वर्षे आम्ही उभयता हेच उत्तर देत आलो आहोत, आणि लग्न कोणाचेच नसते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, सौ. शाळेत जीवशास्त्र. सुटीतला आमचा हंगाम मात्र वेगळा. मी झाडीबोलीतले शब्द टिपतो आणि ती पाणवनस्पतींची टिपणे करते. यासाठी गावोगाव मुक्काम करावा लागतो. एका स्नेह्याची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर त्याने आम्हांला वापरायला दिली आहे. मागची बाके काढून दोन फळ्या, पाण्याचा पिंप, गॅसची शेगडी आणि एक पंखा एवढा तिचा संसार. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द कानांवर पडू लागला. पण आमच्या गाडीला तो जरा भारीच होतो. शेजारच्या काकू तिला सरळ ‘बिऱ्हाड’ म्हणतात. विंचवाचे पाठीवर, आमचे चाकांवर!

तलाव पाहायला एवढ्या लांब जायचे कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. नागपुरात तलाव काय कमी आहेत? अंबाझरी आहे, फुटाळा आहे, गांधीसागर आहे. खरे आहे, पण शहरातला तलाव आपल्याला संध्याकाळच्या हवेपुरता आणि भाजलेल्या भुट्ट्यापुरता ठाऊक असतो. त्याला पाळ असते, सांडवा असतो, हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि पाणी लोकांच्या घरांत शिरले, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले.

रामटेकजवळचा खिंडसी आम्ही पहिल्याच दिवशी पाहून घेतो. तिथे नौकाविहार आहे, म्हणजे गर्दी आहे, म्हणजे आमचे काम नाही. पुढे वैनगंगा ओलांडली की धानाचा मुलूख सुरू होतो आणि मग गावागणिक एक तळे. मालगुजारी तलाव म्हणतात ते हेच. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. पाहताना वाटते, निसर्गाने सढळ हाताने दिले. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे माणसांनी मातीची पाळ घालून अडवलेले, आणि त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाच्या हातचे. पाऊस उदंड असला तरी धानाला दसऱ्याच्या सुमारास एक पाणी हमखास लागते. ते मिळाले तर पीक, नाही तर तणस. त्या एका पाण्यासाठी हा सारा खटाटोप.

या सर्वांत देखणा नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, आणि लोकांनी त्यांना पुढे कोलासूर म्हणून देवच केले. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. पहाटे दार उघडावे, तर समोर पाण्याचा एवढा पसारा की पैलतीर धुक्यात हरवलेला. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी नोकरीची वर्षे इथे काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. जून २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा एका खानावळवाल्याने माझ्याजवळ त्यांची अशी आठवण काढली, की जणू घरचेच माणूस गेले.

नागझिऱ्यात रात्री गाडी आत नेता येत नाही. चोरखमारा फाटकाबाहेर तळ्याच्या आसऱ्याने थांबायचे आणि सकाळी आत जायचे. वाघ आम्हांला अजून दिसलेला नाही. सौ.ला त्याची खंतही नाही. ती पाण्याकडे पाहत असते.

तिच्यामुळेच मला ढिवर बायांची ओळख झाली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत या बायांनी तळ्यांतली बेशरमाची रानटी झाडे उपटून काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर पाण्याखालच्या गवतांची हाताने लावणी केली. अगदी धानासारखी! गवत आले तसे मरळ, मागूर, शिंगी हे देशी मासे परतले आणि त्यांच्यामागून पक्षीही. सौ. त्यांना वनस्पतींची लॅटिन नावे सांगू लागली, तेव्हा एक म्हातारी हसून म्हणाली, ‘बाई, मासोरी तुमचा नाव वाचून येत नाई.’ सौ.ने ते वाक्य वहीत लिहून घेतले. मीही घेतले, पण ‘मासोरी’साठी. झाडीत ‘ळ’चा ‘र’ होतो. मासोळीची मासोरी, तळ्याचा तरा, पाळीची पार.

माझ्या वहीतला सर्वांत लाडका शब्द ‘तुडूम’. पाणी सोडायची ही जुनी सोय. पारीला लागून एकाखाली एक भोके, प्रत्येकाला बूच. पाणी जसे उतरेल तसे खालचे बूच काढायचे. वरचे ऊन लागलेले पाणी आधी शेतात जाते, गाळ जागेवर राहतो. १९५१ साली मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. मालगुजाराच्या काळाचे गोडवे गाणारा मी नव्हे. पण तलाव सरकारचे झाले आणि बूच काढणारा माणूस मात्र कोणाच्याच खात्यात बसला नाही. गाळ साचला, पारी खचल्या, कित्येक ठिकाणी तुडुमाच्या जागी लोखंडी दार आले. त्याला सगळे ‘गेट’ म्हणतात.

एका गावी जुने तुडूम अजून आहे. ते दाखवायला एक ऐंशीच्या घरातले आजोबा उन्हात माझ्याबरोबर आले. भोके किती, हे मी मोजत होतो. ते म्हणाले, ‘गुरुजी, मोजू नका. रात्री अंधारात हाताला गवसले पायजे.’ त्यांचा नातू मोबाइलवर आमचे छायाचित्र काढत होता. त्याला मी शब्द विचारला. त्याला तो माहीत नव्हता. आजोबांनी तो तिथल्या तिथे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल आम्ही मे महिन्यात पाहिला, म्हणजे काळा कोरडा कातळ पाहिला. जुलैत दोन दिवसांची सुटी जोडून पुन्हा गेलो. दरेकसाच्या बोगद्यातून हावड्याची गाडी धडधडत गेली, आणि ती थांबल्यावरही धडधड थांबेना, तेव्हा कळले की हा प्रपात. गावची पोरे वाट दाखवत होती, पाय घसरणाऱ्यांना हात देत होती. सौ. साडी खोचून पाण्यात उतरली आणि कातळावरचे शेवाळ निरखत बसली.

परतताना त्या तुडुमाच्या गावावरून आलो. तरा गळ्यापर्यंत भरला होता, वरची दोन बुचे पाण्याखाली गेली होती. दसऱ्याच्या पाण्याला या, असे आजोबांनी सांगितले आहे. बूच नातू काढणार आहे म्हणे.