उसनं वळण

मंचरच्या आठवडे बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी तो पडला होता. एबोनाइटचा जाडजूड पेन. मूळचा काळा, पण उन्हानं शेवाळी तपकिरी झालेला. टोपणाची क्लिप गायब, शेपटाला कुणाच्या तरी दातांच्या खुणा. "वीस रुपये द्या," म्हणत विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे पुस्तीही जोडली, "चालत न्हाई बरं का."

जुने पेन जमवणाऱ्यांची तोलाची मापं वेगळी असतात. १९४१ साली बाजारात आलेला पार्कर ५१ हवा, त्याचा रंग दुर्मीळ हवा, क्लिप शाबूत हवी आणि मुख्य म्हणजे निब झिजलेली नसावी. थोडक्यात, ज्यानं फारसं लिहिलंच नाही तो पेन मोलाचा. माझ्या खणातली जुन्नर-आंबेगावची मंडळी या परीक्षेत सपशेल नापास. कुणी आडतीच्या पट्ट्या लिहून थकलेला, कुणी शाळेच्या हजेरीवर झिजलेला.

तसा हा मुलूख लिहिण्याला जुना. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीनं यज्ञांचा आणि दानांचा हिशेब दगडावर कोरून ठेवला, आकड्यांसकट. पुढं जुन्नरच्या कागदाचं नाव झालं. आणि पश्चिमेच्या डोंगरात आदिवासी बायामाणसं आजही वेचतात तो हिरडा. हिराकशीबरोबर त्याची काळीभोर शाई होते. बोरूला ती मानवली, फाउंटन पेनला मात्र नाही: त्याच्या बारीक वाटा ती तुंबवते, पोलादी निब खाते. मग दांडेकरांच्या कॅम्लिनसारख्यांच्या शाया आल्या. १९३१ साली त्यांची सुरुवातच घोडा छाप शाईच्या पुडी-गोळ्यांनी झाली.

घरी आणून पेन कोमट पाण्यात ठेवला. तासाभरात तळाशी निळी रेघ उतरली. याच्या पोटात रबरी पिशवी नाही, नळीच दौत. म्हणून सडण्यासारखं काही नव्हतं. अशा पेनात शाई संपत आली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि डाग पडतो. वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पानावर नेमका ठिपका का पडायचा, ते मला चाळिशीत कळलं. तेव्हा आम्ही शेजाऱ्याकडून मोजून दहा थेंब उसने घ्यायचो. माझे काही फेडायचे राहिलेत.

शाई भरली, निबेच्या फटीतून ब्लेडचं पातं फिरवलं. तरी पेन कागद खरवडत राहिला. भिंगातून पाहिलं तर निबेचं टोक एका अंगानं तिरपं झिजलेलं. कुणीतरी वर्षानुवर्षं हात आडवा टाकून लिहीत होता. मी पेन थोडा फिरवला, मनगट कलतं केलं, वही तिरकी केली. अन् शाई सुटली. त्या माणसासारखं बसल्याशिवाय तो लिहीतच नव्हता.

त्याच पेनानं घोडेगावच्या आत्याला खुशालीचं पत्र धाडलं. आठवड्यानं तिचा फोन आला.

"पत्र मिळालं रे. मजकूर तुझाच हाय," ती म्हणाली, "पण लिहून कुणाकडनं घेतलंस?"