डब्याचा चेहरा

सर्किट चालू झालं, स्पीकरमधून खर्जातला सा घुमू लागला, की घरी सिंथ (सिंथेसायझर) बनवणाऱ्यांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो. पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) वायरींना लोंबत राहतात, जॅक टेबलावर लोळतात, कुठला नॉब काय करतो ते एकट्या बनवणाऱ्याला ठाऊक. मग कधीतरी पाहुणा येतो, "हे काय, बॉम्ब का?" म्हणून विचारतो आणि पॅनलची आठवण होते. तोवर बोर्ड पक्का झालेला असतो आणि नॉब बसतील तिथे बसवावे लागतात. माझं मत सरळ आहे: पॅनल आधी, सर्किट नंतर. जागा बोटांनी ठरवायच्या, बोर्डाने जुळवून घ्यायचं.

*

आज घरगुती सिंथवाले बहुतेक युरोरॅकच्या मापात काम करतात. जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मालिका काढली, तिथून हे माप रुळलं. पॅनलच्या पट्टीची उंची १२८.५ मिमी, जाडी साधारण २ मिमी, रुंदी ५.०८ मिमीच्या पटीत. या एककाला एचपी म्हणतात. माप मुळात संगीतासाठी केलेलंच नाही, प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या रॅकचं आहे. त्यामुळे रेल आणि चौकटी आयत्या मिळतात. ८ एचपी म्हणजे हिशेबाने ४०.६४ मिमी, पण पट्टी कापायची ४०.३. शेजारची पट्टी घासू नये म्हणून एवढी फट लागतेच.

*

मिनिमूग या जुन्या सिंथचं (१९७०) पॅनल डावीकडून उजवीकडे वाचता येतं. आवाज डावीकडे जन्मतो, मधे मिसळतो, पुढे फिल्टरमधून गाळला जातो, उजवीकडून बाहेर पडतो. माहितीपुस्तिका उघडायची गरज पडत नाही. त्याआधीच्या, १९६९ सालच्या इंग्लिश व्हीसीएस३ ने केबलच काढून टाकल्या होत्या. आडव्या-उभ्या सोळा-सोळा ओळींचा भोकांचा पट, आणि जे जोडायचं तिथे एक पिन खोचायची. दिसायला झकास, पण अंधाऱ्या स्टेजवर भोकं मोजत बसणाऱ्याची मला दयाच येते.

माझं आवडतं पॅनल रोलंडच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राचं (१९८०). खाली सोळा बटणं: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. तीनतालाचे विभाग जणू रंगवून ठेवलेत. नववी मात्रा शोधायला मोजावं लागत नाही. हेच यंत्र वापरून मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची डिस्को तबकडी काढली.

*

पॅनलचं खऱ्या मापाचं चित्र आधी कागदावर काढावं. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद, १०० टक्के चालू, आणि निघालेल्या कागदावर स्टीलची पट्टी ठेवून मोजणं सक्तीचं. मग तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, भोकं पाडायची, खरे पॉट आणि खरे नॉब अडकवून, केबल खोचून टेबलावर ठेवून द्यायचा. येता-जाता फिरवत राहायचं. दोन नॉबच्या केंद्रांत २० मिमीपेक्षा कमी अंतर ठेवलं तर काय होतं ते मग सांगावं लागत नाही; एक फिरवताना शेजारचा हलतो.

पुठ्ठ्यावरच आणखी एक गोष्ट कळते. संगणकावर सुबक दिसणारं अक्षर नॉबखाली किंवा नटखाली गडप होतं. नटाचा वॉशर धरून मोजावं, नुसतं भोक नव्हे. आणि नाव नॉबच्या वर लिहावं. उभ्या पॅनलवर हात खालून येतो, केबलही खालीच लोंबते.

*

आउटपुटच्या जॅकमागे भरीव काळा चौकोन आणि त्यात पांढरं अक्षर, इनपुटला साधं अक्षर. युरोरॅकमधला हा रिवाज कोणी सुरू केला ते असो, पण पाळावा. दोन आउटपुट एकमेकांना जोडण्याचा उद्योग बराच कमी होतो.

*

ॲल्युमिनियमला भोक पाडणं वाटतं तितकं सोपं नाही. सेंटर पंचाने खूण ठोकल्याशिवाय ड्रिल लावलं की टोक सरकतं आणि चकचकीत पत्र्यावर शेपूट काढून ठेवतं. आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं. पण पातळ पत्र्यात ७ मिमीचा साधा बिट घातला की तो पत्रा पकडतो, हिसका देतो आणि भोक गोल न होता तिकोनी होतं. इथे स्टेप ड्रिल घ्यावा, पायऱ्यापायऱ्यांचा शंकू असतो तो. पत्रा लाकडी ठोकळ्यावर क्लॅम्पने आवळायचा, रॉकेलचा थेंब टाकायचा, सावकाश उतरायचं. कापलेला धातू बिटाला चिकटत नाही, कड गुळगुळीत निघते. मागे उरलेली धारदार कड (बर) मोठ्या बिटाने, तो नुसता हातात धरून फिरवत काढावी. पॉटसाठी ७, छोट्या ३.५ मिमीच्या जॅकसाठी ६, गिटारच्या मोठ्या जॅकसाठी साडेनऊ. तरी विकत आणलेला भाग कॅलिपरने मोजूनच भोक पाडावं. पॉटच्या बुशजवळ एक बारीक दात असतो, पॉट जागेवर फिरू नये म्हणून दिलेला. त्याच्यासाठी मागून छोटी खाच न केल्यास पॉट तिरका बसतो. बहुतेक लोक पकडीने तो दात मोडून टाकतात.

*

अक्षरांचे मार्ग, आवडीनिवडीसकट.

लेट्रासेट: एकेक अक्षर घासून उतरवायचं. जुन्या उपकरणांवरची ती नेटकी अक्षरं कित्येकदा यातलीच असतात. आता मिळणं कठीण.

टोनर ट्रान्सफर: लेझर प्रिंटरवर उलटं चित्र काढायचं, पत्र्यावर पालथं घालून इस्त्री फिरवायची, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकच, ते वितळून धातूला धरतं. इंकजेटच्या शाईचं हे काम नव्हे. कागद हवा गुळगुळीत, मातीचा मुलामा असलेला. दिवाळी अंकातल्या सोन्याच्या पेढ्यांच्या जाहिराती यासाठी उत्तम. संपादकांनी रागावू नये, कथेची पानं मी फाडत नाही.

पाण्यातलं डेकल: पारदर्शक पापुद्रा. खालचा रंग चकचकीत नसला की पापुद्र्याखाली हवा अडकून कडेला रुपेरी झाक येते. दुरून कळत नाही, जवळून कळते.

पॉलिकार्बोनेटचा स्टिकर: भोसरी-चिंचवडकडे कारखान्यांच्या कंट्रोल पॅनलवर दिसतो तोच. छपाई फिल्मच्या मागच्या बाजूने उलटी होते. बोट लागतं ते फिल्मला, शाईला लागतच नाही, म्हणून वर्षानुवर्षं अक्षर झिजत नाही. छपाईचं हे तत्त्व मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

ॲनोडाइज्ड पत्र्यावर लेझर: ॲनोडायझिंगमध्ये आम्लात वीज सोडून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवतात, छिद्रांत रंग भरतात, मग उकळत्या पाण्यात ती मिटवतात. लेझर तो रंग उडवतो आणि खालून रुपेरी रेघ उमटते. ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणारे हे काम बसल्या जागी करून देतात.

पीसीबीचंच पॅनल: १.६ मिमीचा सर्किटबोर्ड, त्यावर हिरवा, काळा, निळा मास्क, पांढरी अक्षरं, हवी तिथे सोनेरी तांब्याची नक्षी. भोकंही कारखान्यातूनच. घरगुती कामाला यापेक्षा सफाईदार मार्ग नाही. तक्रार एवढीच, की त्या वाटेने गेलेले सगळे डबे एकाच घरचे दिसतात.

*

पावसाळ्यात स्प्रे मारू नये. लॅकर वाळताना हवेतलं बाष्प धरतं आणि पॅनलवर दुधी साय येते.

*

देवनागरीत पॅनल करायचं तर तयारी वेगळी. रोमन मोठं अक्षर सव्वा मिलिमीटर उंचीचं असलं तरी वाचता येतं. त्या उंचीत 'स्थूल' मधला थ भरून जातो आणि खालचा ऊकार गाठीसारखा दिसतो. दुप्पट-अडीचपट उंची धरावी, आणि मात्रेसाठी वर, उकारासाठी खाली जागा सोडावी. टोनर ट्रान्सफरमध्ये खरी परीक्षा शिरोरेघेची. रोमन अक्षरं सुटी असतात, एखाद्याचा कण उडाला तरी खपून जातं. शिरोरेघ मात्र केसाएवढी तुटली तरी डोळा आधी तिथेच जातो.

पाटीवाल्याकडे फाइल देताना अक्षरांचे पाथ करूनच द्यावेत. नाहीतर दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर चढते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि लेझर काही शुद्धलेखन तपासत नाही.

*

ॲनोडाइज्ड थर सुंदर असतो, पण वीज वाहून नेत नाही. जॅकचा नट पॅनलला टेकला म्हणजे अर्थ (अर्थिंग) मिळाला असं धरून चालणाऱ्याला नॉबला हात लावताच घूंऽऽ ऐकू येतं. प्रत्येक जॅकला अर्थची वायर स्वतंत्र न्यावी, आणि पॅनलही मागून एका जागी पॉलिश पेपरने खरवडून अर्थला जोडावं. ॲक्रिलिकचं पॅनल असेल तर मागे तांब्याची चिकटपट्टी लावून तीच अर्थ करावी.

*

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मॉड्युलर सिंथ बसवून स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे काम केलं. त्या टेप २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. ऐकताना माझं लक्ष आवाजापेक्षा भलतीकडेच जातं: काळी पट्टी, पांढरी अक्षरं, केबलींचं जंजाळ, आणि शिकवणारा माणूस परत गेल्यावर उरलेलं काय, तर ती पट्टीच. तिच्यावर जे छापलेलं नव्हतं ते सगळं कान लावून शोधावं लागलं असणार.

*

नॉब आधी विकत घ्यावेत, चित्र नंतर काढावं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाताना पॉट खिशात असू द्यावा. गोल दांडीचा, दातेरी दांडीचा आणि डी-आकाराचा असे तीन प्रकार आहेत आणि दुकानदार "बसेल, बसेल" म्हणतोच. नॉबवरची पांढरी रेघ दांडीशी कशी जुळते तेही पाहावं. डी-आकारात ती ठरलेली असते, गोल दांडीत स्क्रू सैल करून हवी तिथे वळवता येते. पॅनलवरची शून्याची खूण दोन-तीन अंश चुकली असेल तर हाच नॉब वाचवतो.

*

पॅनलच्या स्क्रूंच्या खाचा चारही कोपऱ्यांत एकाच दिशेला वळवून ठेवणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही, पण त्यांचे डबे बघायला मला आवडतात. काळे ॲलन स्क्रू वापरले की हा वादच मिटतो. फक्त स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर पहिल्यांदा पॅनल उघडतानाच रंगावर गोल ओरखडा उमटतो.