घडियाळी पोळ ते जांबुघोडा, आणि परत



गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना एक डायरी हाती लागली. बँकेतून दर वर्षी मिळायची तसली, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'राजदूत, जमाखर्च'. आत रकाने: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, इतर. आता कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला माणूस. हिशेब न लिहिता मला देवळातसुद्धा जाता येत नाही. पहिली नोंद जून १९७७ ची, शेवटची रविवार, १२ मार्च १९७८ ची. पुढची सगळी पानं कोरी.

त्या कोऱ्या पानांबद्दल लिहायचंय. पण आधी भरलेल्या पानांबद्दल.

आमचं घर घडियाळी पोळेत. जुनं लाकडी घर, पुढे ओटला, आत अंधारा जिना. चार खोल्या आणि माणसं अकरा: आई-नाना, थोरले भाऊ आणि वहिनी, त्यांची तीन मुलं, धाकटा भाऊ, आत्या आणि आम्ही दोघं. डिसेंबर १९७६ मध्ये माझं लग्न झालं. सौ. नाशिकची. पहिल्याच दिवशी आई तिला म्हणाली, "भाजी सुधारून ठेव." ती बिचारी भाजीत काय बिघडलंय ते शोधत बसली. भाजी चिरण्याला आपण बडोदेकर 'सुधारणं' म्हणतो, हे तिला कोण सांगणार? नवऱ्याने सांगावं, तर नवरा सापडायला हवा. पोळेत शेजारच्या घरातली उचकीसुद्धा ऐकू येते. लग्नाला सहा महिने झाले तरी आम्ही दोघं सलग दहा मिनिटं एकमेकांशी बोललो नव्हतो. खोटं वाटेल, पण त्या काळात पोळेत राहिलेल्यांना वाटणार नाही.

तेवढ्यात शाखेतल्या एका सीनियर क्लार्कची बदली झाली आणि त्याने आपली राजदूत विकायला काढली. १७५ सीसी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं. दोन हजार आठशेला सौदा ठरला. सोसायटीचं कर्ज काढलं. घरी सांगितलं, "मकरपुऱ्याची शाखा लांब पडते, सायकलने दम लागतो." नाना नुसतं "हं" म्हणाले. आईने गाडीला हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. अर्धा दिवस आपला नावाला, कॅश जुळली तर तीनला सुटका. त्यामुळे खरा दिवस रविवार. पण सुनेला घेऊन फिरायला जातो असं सरळ सांगायची सोय नव्हती. मग देव मदतीला आले. आई दत्तभक्त. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचं स्थान, चांदोदला नर्मदास्नान, करनाळीला कुबेरभंडारी. कोणत्या आईला नाही म्हणता येईल? अट एकच: प्रसाद घेऊन यायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी.

पहाटे पाचला निघायचो. पोळेत फटफटी सुरू केली तर सगळी पोळ उठेल, म्हणून मी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत मांडवीपर्यंत न्यायचो. सौ. मागून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन चालत यायची, चार पावलं अंतर ठेवून, जणू ओळखच नाही. मांडवीच्या दरवाज्यापाशी किक मारायची. तिसऱ्या-चौथ्या किकला इंजिन धरायचं, ती मागे एका बाजूला बसायची आणि गेंडी गेटच्या पुढे गेलो की तिचा हात माझ्या खांद्यावर यायचा. आधी नाही.

डभोईपर्यंत तीसेक किलोमीटर. बाजूला नॅरोगेजची छोटी गाडी. गायकवाड सरकारने १८६२ साली डभोई-मियागाम ही लाइन टाकली तेव्हा डबे बैल ओढायचे, देशातली ही पहिली नॅरोगेज. आमच्या वेळी इंजिन होतं, पण वेग बघून बैल बरे वाटायचे. ड्रायव्हरने हात केला की सौ. पण हात करायची. डभोईच्या हिरा भागोळीचं कोरीवकाम बघत चहा, आणि पुढे चांदोद. तिथे नर्मदेला ओरसंग मिळते, तिसरी सरस्वती गुप्त. घाटावर बसून डबा उघडायचा: मेथीची थेपली, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड.

गरुडेश्वरला पहिल्यांदा गेलो ते पावसाळ्यानंतर. टेंबे स्वामी मूळ कोकणातल्या माणगावचे, सगळा देश पायी फिरले आणि १९१४ साली इथे नर्मदाकाठी देह ठेवला. तेव्हा पुढे केवडियाला बघण्यासारखं काही नव्हतं. धरणाची पायाभरणी नेहरूंनी १९६१ सालीच केली होती, पण कामाला खरा जोर यायला अजून दहा वर्षं होती. नदी मोकळी वाहत होती.

पावागढला गेलो तेव्हा रोपवे नव्हता, तो १९८६ साली आला. माचीपासून वर पायी. उतरताना सौ. म्हणाली, "आपली विश्वामित्री इथूनच निघते म्हणे. मग ती पण रविवारी घरातून पळूनच येत असणार." मी इतका हसलो की पायरी चुकलो.

असं बोलायची ती. पोळेत हे कधी ऐकलं नव्हतं. घरात 'हो' आणि 'आणते' एवढे दोनच शब्द बोलणारी बाई गाडीवर बसली की वाऱ्यात ओरडून ओरडून बोलायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं, हे मला हालोलच्या रस्त्यावर कळलं. तिच्या वडिलांचं कर्ज डभोईच्या रस्त्यावर. आणि मी झोपेत आकडे मोजतो, हे मला तिच्याकडूनच कळलं.

तिची आवडती वाट जांबुघोड्याची. पाणी गेटमधून आजवा रोड, हालोल, पावागढ उजवीकडे ठेवून शिवराजपूर, तिथल्या मँगनीजच्या जुन्या खाणी, आणि मग दोन्ही बाजूंना साग आणि महुडा. रस्त्यावर माणूस नाही. एकदा ती म्हणाली, "मला चालवायला द्या." मी म्हटलं, "साडीत?" तिने पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि बसली. मी मागे. पहिले दोन वेळा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा चालली. सेकंड गिअरमध्ये जवळजवळ दोन किलोमीटर नेली. एक भिल्ल म्हातारा डोक्यावर लाकडं घेऊन येत होता, तो बाजूला होऊन बघतच राहिला. पुढच्या वेळी ती टॉप गिअरपर्यंत पोचली. हे आजपर्यंत आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं.

१२ मार्च १९७८. होळीला बारा दिवस होते. पळस असा फुलला होता की जंगलाला आग लागल्यासारखं दिसत होतं. डायरीत नोंद: 'बडोदे-जांबुघोडा-बडोदे, १४८ कि.मी., पेट्रोल ४ लि., पंक्चर १ (बाभळीचा काटा), उसाचा रस २ ग्लास.' फार सुंदर दिवस होता तो.

त्यानंतर नवव्या दिवशी सौ.ला दवाखान्यात न्यावं लागलं. दिवस गेले होते, दुसरा महिना. जांबुघोड्याला गेलो तेव्हा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मूल राहिलं नाही.

आई ओटल्यावर बसली होती. मी दवाखान्यातून आलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "फटफटीवर बसवून हिंडवलंस ना? आता हिंडा." एवढंच. आत्या पदर डोळ्याला लावून बसलेली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मुलांना आत घेऊन गेल्या. समोरच्या ओटल्यावरच्या बायका गप्प झाल्या. पोळेत कोणी गप्प झालं की ते सगळ्यांना ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी मी गाडी विकली. पाणी गेटच्या ज्या चाचांकडे दुरुस्तीला न्यायचो, त्यांच्याच ओळखीतल्या एकाला, दोन हजारांत. चाचा म्हणाले, "बेटा, दो दिन सोच लो." मी ऐकलं नाही. पैसे खिशात घालून दवाखान्यात गेलो आणि सौ.ला म्हटलं, "गाडी विकून टाकली. आता काळजी करू नकोस." तिने मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, दुःखामुळे.

पुढे १९८० साली मुलगी झाली, १९८३ साली मुलगा. मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीच्या महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भातल्याच दोषामुळे होतात, गाडीवर बसल्याने नाही. मी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. आईला सांगून काय उपयोग? आणि सौ.ला सांगायचं म्हणजे ती जखम परत उघडायची. बदल्या झाल्या, नाना गेले, आई गेली, १९९४ साली पोळ सोडून कारेलीबागेत फ्लॅट घेतला. स्कूटर आली, मग मारुती आली. मोटारसायकल परत नाही.

आणि मंडळी, एक कबूल करतो. इतकी वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला मोठा समजत होतो. बायकोसाठी आवडती वस्तू सोडली, असं.

गेल्या डिसेंबरात नात आली, मुलीची मुलगी, पुण्याला नोकरी करते. दोन मैत्रिणींबरोबर स्वतःच्या बुलेटवर नाशिक, सापुतारा, राजपीपळा करत बडोद्याला. तिला सरदार पटेलांचा पुतळा बघायचा होता. १८२ मीटरचा, २०१८ साली उभा राहिला, आता तर केवडियापर्यंत रेल्वेसुद्धा जाते. जेवताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी गेलात का बाइकवर फिरायला?" मी म्हटलं, "एकदा-दोनदा." स्वयंपाकघरातून आवाज आला, "अठरा वेळा."

रात्री आठवून आठवून मोजलं. मला चौदाच आठवल्या. आता डायरीत बघितलं, बरोबर अठरा नोंदी.

दुसऱ्या दिवशी नात पुढे बुलेटवर, आम्ही मागे मुलाच्या गाडीत. पुतळा बघून झाल्यावर सौ. म्हणाली, गरुडेश्वरला थांबू या. दर्शन झालं. मुलं प्रसाद घ्यायला गेली आणि आम्ही दोघं घाटावर बसलो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

"काय गं?"

"त्या वेळी डॉक्टरांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, याचा फटफटीशी काही संबंध नाही म्हणून. मी तुमची वाट बघत होते. म्हटलं, हे आले की सांगते, म्हणजे यांच्या मनाला लागायचं नाही. तर तुम्ही आलात ते गाडी विकूनच."

मला काही सुचेना. थोड्या वेळाने म्हटलं, "तुझ्यासाठीच विकली ना."

"माझ्यासाठी नाही हो. आईंसाठी. पोळेसाठी. मला कोणी विचारलं? ती गाडी माझी पण होती. त्या घरात मला बोलायला दुसरी जागा कुठे होती?"

रागाने नाही म्हणाली. पालकाची जुडी महाग झाली म्हणावं तशा आवाजात म्हणाली. सेहेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती म्हणत होती ते खरंच होतं. आईचा राग उतरावा, समोरच्या ओटल्यावर परत बोलणं सुरू व्हावं, म्हणून विकली. आणि तिला दोन गोष्टी एकदम गमवाव्या लागल्या. पहिलीत माझा दोष नव्हता. दुसरीत होता.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. ती म्हणाली, "हं." अगदी नानांसारखं.

तेवढ्यात नात आली. "आजी, बसतेस का मागे? चहाच्या टपरीपर्यंत." मी म्हणणार होतो, अगं गुडघे, अगं वय. तोंड उघडलं आणि मिटलं. तिची ती बघेल. आजीबाईंनी हेल्मेट घातलं, स्टुलावर चढून बसल्या, एका बाजूला, जुन्या सवयीने. नात हळूहळू चालवत होती. शंभर पावलं गेल्यावर सौ.ने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी ओरडून सांगायला लागली. काय ते मला ऐकू आलं नाही. टपरीवर पोचल्यावर नात म्हणाली, "आजोबा, आजी म्हणते तिला गिअर टाकता येतात! खरं?"

"खरं," मी म्हटलं. "टॉपपर्यंत."

मंडळी, लांबलं. उपदेश करायचं माझं वय आहे, पण अधिकार नाही. तरी एवढंच सांगतो: घरातली कुठलीही वस्तू विकण्याआधी दुसऱ्या माणसाला एकदा विचारा. तिची किंमत तुमच्या हिशेबाच्या वहीत एक असते, त्याच्या वहीत दुसरी.

डायरी आता सौ.च्या उशाशी आहे. तिने एक चूक काढलीये. म्हणते, १२ मार्चला उसाचा रस तीन ग्लास होता, दोन तिने प्यायले. दुरुस्ती करून सही केली आहे.