पहिला हातविणीचा मोजा आणि टाचेचे वळण

हाताने विणायचा मोजा बहुधा पोटरीकडून बोटांकडे विणतात. नवशिक्याने बारीक लोकर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, अडीच मिलिमीटरच्या पाच सुया घ्याव्यात. रंग फिका असावा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. ६४ टाके घालून ते चार सुयांवर १६-१६ वाटायचे, पाचवी सुई विणायला. फेरा जोडताना टाक्यांना पीळ पडू देऊ नये. पडला तर उसवण्यावाचून इलाज नाही. दोन सुलट-दोन उलट असा काठ, पुढे नुसत्या सुलट टाक्यांची नळी. इथवर हात बसतो.

खरी अडवणूक टाचेपाशी होते आणि तो दोष शिकणाऱ्याचा नव्हे. बऱ्याच विणपुस्तिका काठाचे सविस्तर सांगतात आणि टाच एका ओळीत उरकतात. हात धरायची वेळ येते तेव्हाच सोडून देणे हा अन्यायच आहे.

टाचेसाठी निम्म्या ३२ टाक्यांवर ३२ ओळींची सपाट पट्टी विणायची. दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा. मग वळण. १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि उरलेले ११ टाके तसेच सोडून काम फिरवायचे. एक टाका सरकवून पाच उलट, दोन एकत्र, एक उलट; पुन्हा फिरवायचे. या बाजूलाही ११ उरतात. सुईवर टाके शिल्लक असताना मागे फिरणे चुकल्यासारखेच वाटते आणि पुष्कळ जण इथे उसवतात. उसवू नये. जिथून फिरलो तिथे फट दिसते. तिच्या अलीकडचा-पलीकडचा टाका एकत्र विणायचा, आणखी एक विणून फिरायचे. शेवटच्या दोन ओळींत तो जादा टाका उरत नाही. १४ ओळींनंतर सुईवर १८ टाके असतात आणि पट्टी वाटीसारखी खोल झालेली असते. धसका घेतलेली टाच मोज्यातला सर्वांत रंजक भाग निघते. कंटाळवाणी असते ती पुढची पावलाची नळी.

पट्टीच्या कडांवरून १६-१६ टाके उचलले की एकूण ८२ होतात. एक फेरा सोडून एक, असे दोन-दोन टाके कमी केले की नऊ वेळांत पुन्हा ६४. कोपऱ्यात भोक दिसले तर तिथे एक टाका जास्त उचलून पुढच्या फेऱ्यात शेजारच्यासह विणावा. बोटांपाशी फेऱ्याआड चार टाके कमी करत जायचे आणि उरलेले बोथट सुईने समोरासमोर शिवायचे. फेऱ्यांचे आकडे लिहून ठेवावेत आणि दुसरा मोजा लगेच विणायला घ्यावा. मध्ये खंड पडला की हाताचा ताण बदलतो आणि जोडीतला एक मोजा सैल होतो.