बोटीतून उतरल्यावर, गाडीत चढण्यापूर्वी

गतवर्षीच्या मे महिन्यात आई, अण्णा, मी, माझी पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी कन्या असे आम्ही पाच जण भूमध्य समुद्रातील सात रात्रींचा जलप्रवास करून आलो. त्या समुद्राच्या निळाईविषयी आणि बोटीवरील सुखसोयींविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते बोटीतून उतरल्यापासून आगगाडीत बसेपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांविषयी. आमच्या साऱ्या सहलीचे नियोजन महिनोन्महिने चालले होते. राहून गेले होते ते एवढेच अंतर, आणि त्यानेच आम्हांला धडा शिकविला.

आमचे अण्णा रेल्वेच्या नोकरीत होते आणि त्यांची बरीच वर्षे मिरज जंक्शनवर गेली. त्या काळी मिरजेत तीन मापांचे रूळ एकत्र येत. पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीचा नॅरोगेज. एका मापाच्या डब्यातील माल दुसऱ्या मापाच्या डब्यात माणसांच्या पाठीवरून चढविला जाई आणि प्रवासीही मुलाबाळांसह, गाठोड्यांसह या फलाटावरून त्या फलाटावर धावत. गाडीत बसलेल्या माणसाची काळजी गाडी घेते. परंतु दोन गाड्यांच्या मध्ये असलेल्या माणसाला कोणी वाली नसतो, असे अण्णा नेहमी म्हणत. लहानपणापासून हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते, की त्याचा अर्थ मनात शिरण्याचे केव्हाच थांबले होते.

निघण्यापूर्वी एके संध्याकाळी मी सहलीची वही त्यांच्यापुढे ठेवली. विमान, बोट, हॉटेले, रोमहून फ्लॉरेन्सला जाणारी जलद गाडी, सारे वेळांसह लिहिलेले होते. अण्णांनी चष्मा वर करून विचारले, “बोटीपासून स्टेशनापर्यंतचं काय?” त्या जागी मी केवळ ‘टॅक्सी’ असा एक शब्द लिहिला होता. “अण्णा, युरोप आहे तो. खाली उतरलं की मिळेल,” मी म्हणालो. त्यांनी वही मिटून परत दिली.

आमची बोट जेथे थांबणार होती त्या बंदराचे नाव चिवितावेक्किया. जलप्रवासाच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख सर्रास ‘रोम’ असा असतो, पण रोम तेथून सुमारे 70 किलोमीटर दूर आहे. बंदर मोठे पुरातन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट ट्राजनने ते बांधविले आणि धाकट्या प्लिनीने एका पत्रात त्या बांधकामाचे वर्णन केले आहे. 1508 मध्ये पोप दुसरा ज्युलियस याच्या कारकिर्दीत सुरू झालेला किल्ला आजही धक्क्याशी उभा आहे आणि मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जातो. स्टेंढाल हा फ्रेंच कादंबरीकार 1831 पासून याच गावी फ्रान्सचा वाणिज्यदूत होता. रोमपर्यंतचा लोहमार्गही 1859 चा आहे. म्हणजे समुद्रातून रोमला जाणारा प्रवासी या गावाला नवा नाही. नवे होतो ते आम्हीच.

बोटीवर चढल्यानंतर अण्णांनी पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी भ्रमणध्वनीवरून एक मोठी मोटार ठरविली. कोठून घ्यावयाचे, या रकान्यात ‘चिवितावेक्किया बंदर’ एवढे लिहिले आणि वेळ सकाळी आठची दिली. बोटीचे नाव लिहिले नाही, धक्क्याचा क्रमांक लिहिला नाही. मिरजेच्या प्रवाशाने ‘स्टेशनवर भेटू’ म्हणावे आणि कोणत्या फलाटावर ते सांगू नये, तसा हा प्रकार झाला.

शेवटच्या रात्री बोटीवर मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवावयाच्या असतात. त्या रात्रीतून उतरविल्या जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये आपापल्या पट्टीच्या रंगाप्रमाणे शोधून घ्याव्या लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी स्वतःचे सामान स्वतः ओढत सर्वांत आधी उतरण्याची मुभा असते. आईचे गुडघे पाहता आम्ही पहिला मार्ग पत्करला. औषधे, पारपत्रे आणि एक वेळचे खाणे तेवढे पत्नीने हातातील पिशवीत ठेवले होते. तिच्या या दूरदृष्टीचा पुढे दिवसभर उपयोग झाला.

आठ वाजता आम्ही सहा बॅगांसह धक्क्यावर उभे राहिलो. साडेआठ झाले. आसपासची मंडळी पांगली. चालकाशी दूरध्वनीवर बोलणे झाले, पण त्याची इटालियन आणि माझी इंग्रजी यांची गाठ पडेना. अखेर टर्मिनलमधील एका कर्मचारी बाईंनी मध्यस्थी केली, तेव्हा उलगडा झाला. तो किल्ल्यापाशी, जुन्या बंदराच्या दाराबाहेर आमची वाट पाहत होता आणि आम्ही आत दूरच्या धक्क्यावर होतो. त्याची पुढची फेरी ठरलेली असल्याने तो आता थांबू शकत नव्हता. दोष त्याचा मुळीच नव्हता. मी दिलेल्या पत्त्यावर तो वेळेवर आला होता.

मी गोंधळून गेलो. अण्णांनी मात्र चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाकीची माणसं कुठली बस धरतायत ते बघ.” समोरच बंदराची बस उभी होती. धक्क्यांवरील प्रवाशांना ती विनामूल्य लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकापर्यंत नेते. बंदराच्या आवारात मालमोटारी आणि फेरीबोटींची वर्दळ असल्याने पायी हिंडणे सोयीचे नाही. ही बस हाच सामान्य प्रवाशाचा राजमार्ग आहे. त्या चौकात चौकशीची खिडकी आहे आणि तेथून तिकीट काढून दुसरी बस रेल्वे स्थानकास जाते. धडधाकट माणूस ते अंतर वीसेक मिनिटांत चालूनही जाईल. आईला घेऊन, सहा बॅगांसह, दगडी फरसबंदीवरून ते शक्य नव्हते. हे सारे मी घरबसल्या दहा मिनिटांत वाचू शकलो असतो.

स्थानकावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. रोमला जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाड्या तेथून वरचेवर सुटतात. त्यांत आसन राखून ठेवावे लागत नाही. छापील तिकीट असेल, तर चढण्यापूर्वी ते फलाटाजवळील छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. न उमटविल्यास तिकीट असूनही दंड होतो. ते यंत्र प्रथम दिसले ते अण्णांना. पाचही तिकिटे त्यांनी स्वतः एकेक करून यंत्रात घातली आणि प्रत्येकावरचा शिक्का निरखून पाहिला. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर ड्यूटीवरचा तो भाव मी पाहिला आणि मला विलक्षण ओशाळल्यासारखे झाले.

दहाच्या सुमारास गाडी सुटली. काही काळ समुद्र सोबतीला होता, मग शेते लागली, आणि शेवटी सान पिएत्रो स्थानकाजवळ सेंट पीटरचा घुमट दिसला. सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागला. आमची फ्लॉरेन्सची गाडी रोमच्या तेर्मिनी स्थानकातून 11 वाजून 35 मिनिटांनी सुटणार होती. हातात पंधरा मिनिटे होती आणि मला वाटले, जमले!

जमले नाही. चिवितावेक्कियाकडून येणाऱ्या गाड्या तेर्मिनीच्या एका कडेच्या, दूरच्या फलाटावर लागतात. तेथून मुख्य फलाटांपर्यंतची चाल तरण्या माणसालाही बरीच वाटावी अशी आहे. मधे तिकीट दाखविण्याचे फाटक. आई एका हाताने माझा दंड धरून आणि दुसऱ्या हाताने गुडघा दाबत चालत होती; थांबू या असे तिने एकदाही म्हटले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दारे मिटली होती. ती लांबलचक लाल गाडी आमच्या देखत हलली. स्वस्तातली तिकिटे होती. ती बदलून मिळत नाहीत आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत. पाच जणांची नवी तिकिटे पहिल्यांच्या दुपटीहून महाग पडली आणि गाडी मिळाली ती दुपारची.

मधला वेळ आम्ही एका बाकावर बसून काढला. पत्नीने पिशवीतील दशम्या आणि चटणी काढली. मी अण्णांच्या नजरेस नजर देत नव्हतो. पैशांपेक्षा मला आईचा पाय खुपत होता. तो आता संध्याकाळपर्यंत सुजणार होता. “चुकलं माझं. तुम्ही दोनदा विचारलं होतं,” मी म्हणालो. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पंढरपूरची गाडी उशिरा आली, की पुण्याची गाडी चुकलेली माणसं मिरजेच्या फलाटावर रात्र काढायची. आम्ही काय करणार? गाडी तर गेलेली असायची. तेव्हा आम्ही त्यांना चहा द्यायचो आणि पुढची गाडी किती वाजता, ते नीट सांगायचो. तू पुढची गाडी बघितलीस ना? झालं तर.” आईने दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मे महिन्यात इटलीत सूर्य रात्री आठनंतर मावळतो. त्यामुळे उशीर होऊनही तिचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम फ्लॉरेन्सला निभावला, याचेच तिला समाधान होते.

परतल्यावर अण्णांनी मला बॅलार्ड पिअरची हकिकत सांगितली. विलायतेची डाक घेऊन येणारी बोट मुंबईस लागे, तेव्हा धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानक होते. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात तेथूनच सुटे. उतारू बोटीतून उतरले, की थोड्या पावलांवर गाडी. इंग्लंडातही तीच रीत होती. 1912 मध्ये टायटॅनिकचे प्रवासी लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेल्या खास गाडीने साउदॅम्प्टनच्या गोदीत बोटीच्या कुशीशी उतरले होते. विमाने आली, डाकबोटी संपल्या आणि धक्क्यावरचे रूळही बहुतेक ठिकाणी ओस पडले. पुढे सहलीच्या बोटी वाढल्या, परंतु तुटलेला तो दुवा बव्हंशी तसाच राहिला. पूर्वी रेल्वे आणि बोट कंपन्या जी जुळणी करीत, ती आता प्रवाशाने स्वतः करावयाची असते.

यंदा आमच्या नात्यातील एक कुटुंब वृद्ध मातापित्यांसह अशाच सहलीस निघाले आहे. त्यांच्यासाठी अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात एक कागद लिहून दिला. वाचकांपैकी कोणास उपयोगी पडावा म्हणून त्यातील सार येथे देतो.

बोट कोणत्या धक्क्यावर लागणार ते निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारावे, कारण ते बदलते. व्हेनिसमध्ये तर 2021 च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना शहरालगतच्या ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास मनाई झाली आणि अनेक बोटी दूरच्या धक्क्यांवर जाऊ लागल्या. जुन्या माहितीवर विसंबणारा तेथे फसेल. मोटार ठरविताना बोटीचे नाव, धक्का, माणसे आणि बॅगांची संख्या लिहून द्यावी, आणि चालकास धक्क्यापर्यंत येण्याची परवानगी आहे की फाटकाबाहेर भेटावयाचे, हे लेखी घ्यावे. मोटार न आल्यास बस कोणती, हे आधीच ठाऊक असावे. इटलीत रेल्वेचे संप पूर्वसूचना देऊन होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत काही गाड्या तरीही चालविल्या जातात, म्हणून तारीख पाहून ठेवावी. पुढील जलद गाडीचे तिकीट थोडे महाग पडले तरी बदलता येण्याजोगे घ्यावे. बोट धक्क्यास लागण्याची वेळ आणि आपण प्रत्यक्ष उतरण्याची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोट लागल्यापासून किमान सहा तासांनंतरचीच गाडी धरावी.

कागदाच्या तळाशी अण्णांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: ‘चालण्याचा वेळ घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी मोजावा.’ ती ओळ वाचून आई हसली आणि म्हणाली, “म्हणजे माझ्या.”